सोपानची गाडी

एका गावात एक भोळा तरुण राहायचा. त्याचं नाव सोपान. गाव त्याला भोळा म्हणायचं, कारण मूर्ख म्हटलं की त्याच्या आईला वाईट वाटायचं.

सोपान सांगितलेलं तंतोतंत करायचा. अशा मुलांचं आपल्याकडे फार कौतुक. शाळेनं त्याला आज्ञाधारक विद्यार्थ्याची ढाल दिली होती. डोकं वापरल्याबद्दल त्या शाळेनं कुणाला ढाल दिल्याचं ऐकिवात नाही.

त्याची मावसबहीण हेमांगी ऑनलाइन मोटार शर्यती खेळायची. साठ वर्षांपूर्वीच्या रेसच्या गाड्या, अरुंद टायर, हातानं बदलायचे गियर, आणि सगळं कंप्युटरवर. भंगारातली खुर्ची आणि जुनं स्टिअरिंग जोडून तिनं स्वतःच्या हातानं गाडी उभी केली होती. हंगामाची शेवटची शर्यत उरली होती. ती जिंकली तर तिचा संघ स्पर्धेत राहणार, नाहीतर बाहेर. प्रत्येक संघात दोन चालक हवेतच असा नियम होता. तिचा जोडीदार तन्वीर ऐन वेळी परीक्षेला बसला.

तिची मावशी, म्हणजे सोपानची आई, म्हणाली, "आपल्या सोपानला घे की. शब्दाबाहेर जात नाही."

हेमांगीनं घेतलं. दुसरं कोणी नव्हतंच.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "जुन्या गाडीचे टायर थंड असले की घसरतात. आधी ते गरम होऊ दे."

अर्ध्या तासानं ती चहा पिऊन आली, तर खोलीत स्टिअरिंग नाही, पॅडल नाहीत. सोपाननं सगळं उचलून गच्चीवर उन्हात ठेवलं होतं.

"अरे, टायर गेममध्ये आहेत! जे करायचं ते पडद्यावर करायचं!"

"ठीक आहे ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी सराव शर्यत होती. जुन्या गाड्यांचं इंजिन तेल ओकतं, ते समोरच्या काचेवर उडतं. गेममध्येही उडलं. सोपाननं स्टिअरिंग सोडलं, ओलं फडकं घेतलं आणि दोन्ही हातांनी पडदा पुसायला लागला. गाडी गवताच्या गंजीत शिरली.

हेडफोनमधून पुण्याच्या संघाचा निनाद हसला. "काय हो हेमांगी, गाडी धुवायला काढलीय का?"

हेमांगीचे कान तापले. "सोपान, काही झालं तरी स्टिअरिंगवरून हात काढायचा नाही!"

"ठीक आहे ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी त्यानं हात काढला नाही. गियरचा दांडा बाजूला होता, त्यालाही हात लावला नाही. सगळी शर्यत पहिल्या गियरमध्ये. चौथ्या फेरीत इंजिन किंचाळून किंचाळून फुटलं.

"अरे दगडा, किंचाळणं ऐकू आलं की गियर वाढवायचा! त्यासाठी हात काढलेला चालतो!"

"हे आधी सांगायचं ना, ताई."

चौथ्या दिवशी पात्रता फेरी होती. सोपान बरा चालवत होता. पुढे उतार आणि तीव्र वळण आलं. हेमांगी किंचाळली, "ब्रेक! ब्रेक लाव!"

किंचाळणं ऐकू आलं. सोपाननं गियर वाढवला.

गाडी वळणावरून सरळ गेली आणि तीन गाड्या घेऊन पडली. पंचांनी लाल झेंडा दाखवला. सगळे जागच्या जागी थांबले. सोपान मात्र उलटा फिरून रस्त्यावर आला आणि थांबलेल्यांपैकी आणखी दोघांना ठोकून पुढे गेला. पंचांनी कळवलं, पुन्हा असं झालं तर संघ बाद.

हेमांगीनं त्याचे खांदे धरले. "नीट ऐक. झेंडेवाल्यानं झेंडा उंचावला की जिथे असशील तिथे थांबायचं. एक इंचही पुढे जायचं नाही. मी ओरडले तरी नाही, समजलं?"

"ठीक आहे ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

तिला बरं वाटलं. इथेच तिचं चुकलं. न विचारता मान डोलावणाऱ्याला आपण सगळेच शहाणा समजतो.

रविवारी वीस फेऱ्यांची शर्यत झाली. शेवटच्या चार सोपानच्या होत्या. हेमांगीचा हिशोब साधा होता. आधी आपण आघाडी घ्यायची, मग त्यानं गाडी फक्त शेवटपर्यंत न्यायची. ती शेवटून दुसरी निघाली. एकेक गाडी मागे टाकली. घसरणाऱ्या चाकांशी झगडत, मनगटं दुखेपर्यंत, बाराव्या फेरीत तिनं निनादलाही गाठून मागे टाकलं. सोळावी फेरी संपवून खुर्ची सोडली तेव्हा ती नऊ सेकंद पुढे होती.

सोपान बसला. टायर उन्हात ठेवले नाहीत. पडदा पुसला नाही. गियर वेळेवर बदलले. निनाद जवळ येत गेला, सात सेकंद, पाच, तीन. शेवटचं वळण सोपाननं इतकं सुरेख घेतलं की हेमांगीनं श्वास रोखला. आता समोर सरळ रस्ता आणि अंतिम रेषा. रेषेवर झेंडेवाला पुढे आला. विजेत्यासाठी त्यानं काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा उंचावला.

सोपाननं करकचून ब्रेक दाबला.

गाडी रेषेच्या अलीकडे उभी राहिली.

"सोपान! चल! अरे पुढे चल!"

"झेंडा आहे, ताई."

"तो जिंकल्याचा झेंडा आहे रे! दाब पॅडल!"

"ओरडलीस तरी नाही जाणार."

निनादची गाडी सूं करून गेली. मग दुसरी. मग तिसरी. हेमांगीनं पॅडलवर पाय घालायचा प्रयत्न केला, तर सोपाननं तो अदबीनं बाजूला सारला. चौदा गाड्या गेल्या. वेळ संपली. पडद्यावर त्यांच्या संघाच्या नावापुढे 'शर्यत अपूर्ण' उमटलं आणि स्पर्धेतून नाव गेलं.

सोपाननं टेबलावरची पट्टी उचलली, पडद्यावरच्या गाडीच्या नाकासमोर धरली आणि आनंदानं वळला.

"मोजून बघ ताई. एक इंचसुद्धा पुढे गेलो नाही."