ठमाईचा उघडा आंबा

माझे नाव पुरुषोत्तम महादू बोरसे, वय ब्याऐंशी. सातपुड्यातील या हिवरापाड्यावर येणाऱ्यांना ही हकिकत मी सांगतो. माझ्याआधी माझे काका सांगत. समोर दिसतो त्याला उघडा आंबा म्हणतात. पौषात येथे गवतावरचे दव गोठून पांढरे होते. तापीकाठचे आंबे या थंडीत टिकत नाहीत. हा टिकतो. दर पौषी पौर्णिमेला त्याच्या बुंध्याशी एक घोंगडी ठेवतात. झाडावर मात्र ती कोणी घालत नाही.

असे सांगतात की, फार पूर्वी रायभान नावाचा माळी पत्नी ठमाईसह येथे राहावयास आला. पाड्यावर तेव्हा केवळ रानआंबा होता: लिंबाएवढा, आंबट, पण थंडीला न भिणारा. रायभानने त्याच्या खुंटावर तापीकाठच्या गोड आंब्याचे कलम बांधले. हे जगले नाही तर आपण माळी कसले, असे तो म्हणे. दर हिवाळ्यात घरातील एकुलती एक घोंगडी तो कलमावर पांघरी. शेजारचा म्हातारा बुधा त्याला हसे.

"रायभान, झाडाला घोंगडी नि बायकोला गोणपाट? लगीन कोणाशी लावलंस रे बाबा?"

"फळ खाशील तेव्हा विचार."

सहाव्या वर्षी कलमाला चार फळे धरली. कलम मोहरले तेव्हा शेजारचा एक रानआंबाही मोहरला होता, आणि माश्या दोन्हींवर फिरत होत्या. एक फळ दोघांनी खाल्ले आणि ठमाईने कोय घरामागे टाकली. ती उगवली. कोयीपासून झालेले झाड मूळ फळाचा गुण राखत नाही, हे प्रत्येक माळ्यास ठाऊक असते. रायभान रोप उपटावयास गेला.

"राहू द्या हो. तुमचं काय खातंय?"

"बिनजातीचं आहे ते."

"असंना का. घोंगडी तर मागत नाही."

रोप राहिले. त्यावर कोणी काही पांघरले नाही.

दोन वर्षांनी, पौषात, ठमाईला ताप भरला. त्या संध्याकाळी वारा पडला आणि आकाश निरभ्र झाले. पाड्यावर याचा अर्थ सर्वांना कळतो: रात्री दव गोठणार. रायभान घोंगडी घेऊन दारात उभा राहिला.

"घाला कलमावर," ती म्हणाली. "मला गोणपाटाची सवय आहे."

त्याने ती कलमावर घातली.

सकाळी ठमाई गार झालेली होती. प्रेतावर घालावयास घरात दुसरे काही नव्हते, म्हणून रायभान घोंगडी आणावयास गेला. ती दवाने ताठ झाली होती आणि तिच्याखाली कलम काळे पडले होते. दरवर्षी उबेत वाढलेले लाकूड कोवळेच राहिले होते, असे जाणते सांगतात. घरामागचे रोप हिरवे होते. त्याच्या पानावरचा पांढरा थर रायभानने बोटाने पुसला. बोटाला गारठा कळलाच नाही, म्हणे. तो रडला नाही. बुधा आला, तोही हसला नाही.

नऊ वर्षांनी त्या झाडाला फळ आले: लहान, सालीजवळ आंबट, कोयीजवळ गोड. रायभानने पहिले फळ बुधाला दिले. बुधाने ते खाल्ले. विचारले काही नाही.

रायभानने पुन्हा कलम बांधले नाही. आजही येथे आंबा कोयीपासूनच लावतात, पौषात झाडे उघडी ठेवतात, आणि बुंध्याशी ठेवलेली घोंगडी दिवस मावळण्याच्या आत पाड्यावरील आजारी माणसाच्या घरी पोहोचवतात. गेल्या पौषात ती आमच्या घरी आली होती.