सरदाराची ताठ मान

बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, ही फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा उंटांनासुद्धा वाळवंटाची वाट माहीत नव्हती.

त्या वाळवंटात काटेरी पाठीच्या सरड्यांची एक टोळी राहायची. पाऊस म्हणाल तर नावालाही नाही! पण महिन्यातून एखाद्या पहाटे धुकं यायचं, आणि मग काय गडबड उडायची! बिळाच्या तोंडावरची वाळू ढकलून सगळे टेकडीवर पळायचे. मागचे पाय ताठ, शेपटी वर, डोकं पार जमिनीला टेकलेलं! धुकं पाठीवर साचायचं आणि काट्यांमधल्या बारीक चरांतून ओघळत थेट तोंडात यायचं. असं एकदा पोटभर प्यालं, की महिना निघायचा.

एके वर्षी टोळीने नवा सरदार निवडला. अंगाने धिप्पाड, पण तोरा त्याहून मोठा. पहिल्याच सभेत तो गरजला, "शेपटी वर अन् डोकं मातीत! शोभतं का आपल्याला हे? आजपासून टेकडीवर कुणी वाकायचं नाही. मान ताठ ठेवून प्यायचं!"

"अरे, पाणी उताराकडे जातं बाबा," त्याची म्हातारी आत्या म्हणाली. "तुझा हुकूम त्याला कुठला कळायला?"

सगळे फिदीफिदी हसले. सरदाराला ते चांगलंच झोंबलं. "हुकूम म्हणजे हुकूम! जो वाकेल, त्याला टोळीबाहेर काढीन!"

पुढच्या धुक्यात सगळे ताठ मानेने उभे राहिले. पाणी पाठीवरून शेपटीकडे गेलं आणि वाळूत जिरलं. सरदाराच्या जिभेलाही थेंब लागला नाही. आपलं चुकलंय, हे त्याला तिथंच कळलं बरं का! पण चारचौघांत बोललेलं मागे कसं घ्यायचं? त्याने हुकूम तसाच ठेवला. महिनाभर सगळी टोळी बिळांत निपचित पडून राहिली.

आणि एका पहाटे आरोळी उठली, "धुकं! धुकं आलं रे!"

धडपडत, एकमेकांना ढकलत सगळे टेकडीवर धावले. सरदाराची लेक ठिपकी सगळ्यांच्या शेवटी आली, पाय ओढत. एवढीशी पोर, तहानेने पार सुकलेली. ती बापाशेजारी मान ताठ करून उभी राहिली. झोक जात होता, तरी ताठच. तिच्या पाठीवरचं पाणी टपटप शेपटीवरून गळू लागलं.

सरदाराने ते पाहिलं. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. ऊन आलं की धुकं संपणार, आणि पुढच्या धुक्यापर्यंत ही पोर काही जगत नव्हती!

"ठिपके, वाक! लवकर वाक!"

"नको बाबा," ती कशीबशी बोलली. "टोळीबाहेर काढतात."

"अगं, मी सांगतोय ना!"

"मग तुम्ही का ताठ उभे?"

सगळी टोळी बघत होती. सरदाराने एकदा उजळत्या आभाळाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. आणि धप्पकन डोकं वाळूत टेकवलं, शेपटी आभाळात!

"चुकलो रे, चुकलो!" तो ओरडला. "हुकूम गेला खड्ड्यात! वाका सगळे!"

काय धमाल उडाली म्हणून सांगू! भराभर शेपट्या वर, भराभर डोकी खाली! ठिपकीही बापाला बघून वाकली. एक थेंब तिच्या ओठाशी आला, मग दुसरा, आणि मग धारच लागली. पोर चपाचपा पाणी पिऊ लागली. सरदार स्वतः प्यायचं विसरून नुसता तिच्याकडे बघत राहिला, तेव्हा आत्याच ओरडली, "अरे, आता तूही पी की!"

ऊन आलं तोवर टोळीतलं एकही पोट रिकामं राहिलं नव्हतं. पुढं प्रत्येक धुक्यात सरदार सगळ्यांच्या आधी वाकायचा, आणि टोळी त्याचा शब्द पूर्वीपेक्षा जास्त मानायची.

तात्पर्य : चूक उमगली की चारचौघांत कबूल करावी, नाहीतर आपल्या ताठ्याची शिक्षा आपलीच माणसं भोगतात.