हळदीचा तास

“…पण मग मुलं बोलत का नाहीत, बाई?”

निनाद कोरगावकर रसायनशास्त्राचा तरुण शिक्षक. कृतीतून शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेला, त्यात पहिला आलेला. वर्गात गट पाडायचा, रंगीत कार्डं वाटायचा. तरी मुलं हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसायची. मुख्याध्यापक वर्ग बघून म्हणाले होते, “फार शांत वर्ग आहे हो तुमचा.” ते त्याला झोंबलं होतं.

म्हणून तो आपल्या जुन्या शाळेत हेरवाडकर बाईंकडे आला होता. रसायन त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

“तू काय करतोस वर्गात?” बाईंनी विचारलं.

“प्रश्न विचारतो. मग थांबतो.”

“किती?”

“…थांबतो.”

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. “तोंडभर घे. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. चल, माझा नववीचा तास आहे.”

निनादला हसू आलं. बाई हसत नव्हत्या. त्यानं तोंडात पाणी भरून घेतलं.

वर्गात बाकाबाकांवर हळद लावलेले कागद, खायचा चुना, मीठ आणि लिंबाच्या फोडी होत्या.

“हळद लाल करा,” बाई म्हणाल्या. “मग परत पिवळी करा.” आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.

कुणी हललं नाही. आता बाई काहीतरी सांगतील, असं निनादला वाटलं. बाई बाहेर बघत होत्या…

मग कुणीतरी लिंबू पिळलं. काही झालं नाही. कुणी मीठ चोळलं.

“हळदच जुनी आहे,” श्रेणिक नावाचा मुलगा म्हणाला.

त्याच्या शेजारच्या मिसबाहनं चुना लावला. कागद लाल झाला आणि वर्गात एकच गलका झाला.

आता परत पिवळी. श्रेणिकनं आणखी चुना थापला.

“अरे, त्यानंच तर लाल झाली,” मिसबाह म्हणाली.

“सर, मीठ लावून बघू?” श्रेणिकनं निनादला विचारलं.

निनादचे गाल फुगलेले. त्यानं डोळे मिटून घेतले.

“सरांची दाढ दुखतेय,” श्रेणिकनं वर्गाला सांगितलं.

मिसबाहनं लिंबाची फोड उचलली. लाल कागदाजवळ नेली. थांबली…

“याच्यानं मघाशी काहीच झालं नव्हतं,” ती म्हणाली आणि फोड खाली ठेवली.

निनादनं पाणी गिळलं.

“लिंबूच पिळ गं. चुना आम्लारी, लिंबू आम्ल.”

वर्ग गप्प झाला. भराभर वह्या उघडल्या.

“सर, लिहून घेऊ?”

मिसबाहनं लिंबू पिळलं. कागद पिवळा झाला. कुणी बघितलं नाही. सगळे लिहीत होते.

तास संपला. मुलं गेली. निनाद बाईंजवळ आला.

“पण उत्तर तर बरोबर होतं ना, बाई?”

बाई बाकावरचा चुना पुसत होत्या.

“अगदी बरोबर,” त्या म्हणाल्या. “तू पास.”