बांधावरचा झेल

खाडीकाठच्या एका गावात सगुण आणि हिरू नावाचे दोन भाऊ राहत होते. सगुण थोरला, हिरू धाकटा. दोघे एकाच होडीवर मासेमारी करत. आणि दोघांना नादही एकच होता, षटकार झेलण्याचा.

त्या गावात दर शिमग्याला क्रिकेटचे सामने भरत. शहरातून मानधन घेऊन खेळणारे पक्के खेळाडू येत. मैदानाच्या एका अंगाला खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध होता. सगळा गाव त्या बांधावर बसून सामना बघे. गावाचा एक जुना रिवाज होता. षटकार बांधावर आला आणि कुणी तो खाली पडण्याआधी हातांत घेतला, तर चेंडू त्याचा. कपड्यात पकडलेला चालत नसे. हे शेवटचं कलम खास धाकू तारीसाठी होतं. धाकू गावची तर, म्हणजे माणसं खाडीपलीकडे नेणारी होडी, चालवी. चेंडू वर गेला की तो लुंगी पसरून उभा राही. चेंडू लुंगीत पडे, लुंगी सुटे, आणि बांध हसून लोळे. मग तो चेंडू मैदानात परत जाई.

सगुण बांधावरच्या भेंडीच्या डेरेदार झाडाखाली बसे; ही भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठचा वृक्ष. चेंडू आला तरी तो उड्या मारत नसे. दोन्ही करंगळ्या एकमेकींना लावायचा, कोपरं सैल सोडायचा, आणि चेंडू हाताला लागला की हात छातीपर्यंत मागे आणायचा. आवाजसुद्धा होत नसे. जणू कुणी ओंजळीत मूठभर तांदूळ घातले. झेललेला चेंडू तो घरी नेत नसे. शेजारी बसलेला पाहुणा, शेंगा विकणारी सखूबाई, ज्याचे डोळे चेंडूवर असतील त्याला देऊन टाके. हिरूला राग येई. सगुण म्हणे, झेलायची मजा माझी झाली, आता चेंडू कुणाच्या घरी का असेना.

हिरूला मात्र एकही झेल कधी जमला नाही. चेंडू दिसला की तो धावे, लोकांच्या अंगावर पाय देई, हवेतच झडप घाली. चेंडू बोटांवर आदळून पलीकडे चिखलात जाई. मग सगुण त्याची सुजलेली बोटं चोळत बसे.

"ओढू नकोस रे," तो सांगे. "देणारा जोरातच फेकतो. घेणाऱ्यानं मऊ राहावं."

एका शिमग्याला पहिल्याच षटकात सगुणनं कोरा लालभडक चेंडू झेलला. तो त्यानं हिरूच्या हातात ठेवला. "हा तुला," एवढंच म्हणाला.

त्याच पावसाळ्यात सगुण तापानं गेला.

हिरूला काही सुचेना. त्यानं सगुणच्या जाळ्याचा एक तुकडा कापला, चेंडू त्यात बांधला आणि आढ्याला टांगला. रोज उठून तो चेंडू सदऱ्यानं पुसायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. आईनं एकदा धूळ झटकायला चेंडू हातात घेतला, तर तो तिच्यावरही ओरडला. नंतर होडीवर जाऊन एकटाच रडला, पण आईला काही बोलला नाही.

पुढचा शिमगा आला. हिरूनं सगुणचा जुना कोट भेंडीखाली पसरून ठेवला आणि स्वतः त्याच्या शेजारी बसला. चेंडू जाळ्यासकट कमरेला बांधला होता. त्याचे एक लांबचे काका सावली बघून कोटाजवळ टेकले, तर त्यानं त्यांना दंडाला धरून उठवलं. काका बिचारे मुकाट्यानं उन्हात जाऊन बसले. कुणी त्याला बोललं नाही. जखम ओली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटचा सामना होळीच्या दुसऱ्या दिवशी होता. सगळ्या होड्या काठाला होत्या. होडी काठाला असली की पाण्याकडे कोण बघतो? ज्या गावाला झोपेतही भरती-ओहोटी कळते, तो गाव त्या दिवशी रंग खेळून आला आणि पौर्णिमेचं उधाण विसरला. एरवी बांधापलीकडे गेलेला चेंडू चिखलात रुतायचा. कुणीतरी तो उचलून, धुऊन परत आणायचा. त्या दुपारी पाणी थेट बांधाला येऊन भिडलं. त्यातून फलंदाज असे रंगात आलेले की चेंडूमागून चेंडू बांधाच्या डोक्यावरून जात आणि भरतीच्या ओढीनं वाहून जात. लोक टाळ्या वाजवत राहिले. चेंडूंची पेटी रिकामी झाली, तेव्हा त्यांना कळलं.

सामना अगदी रंगात येऊन अडला. सामने भरवणारे आबा घाबरेघुबरे झाले. पाहुण्यांकडे सरावाचे चेंडू होते, पण त्यांची शिवण उसवलेली. धुळवडीमुळे दुकानं बंद. पाहुण्यांचा कप्तान सरळ म्हणाला, आम्ही इथं खेळायला येतो, ताटकळायला नाही, असाच कारभार असेल तर पुढच्या वर्षी आमची वाट बघू नका. आबा मटकन खाली बसले. त्यांची नजर हिरूच्या कमरेकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. मग बांधावरच्या सगळ्यांच्याच नजरा तशा गेल्या आणि तशाच वळल्या.

मागून एक जण पुटपुटला, "हिरूकडे आहे की कोरा."

"गप बस," धाकू तारी म्हणाला. "तो सगुणचा आहे. सामना गेला तर जाऊ दे."

हिरूनं ते ऐकलं. तो कमरेच्या जाळ्यावर मुठी वळून उभाच होता. कुणी मागितला असता, तर तो भांडणारच होता. पण कुणी मागेचना. वळलेल्या मुठींचं काय करावं, हे त्याला कळेना. त्यानं खाली बघितलं. त्याची बोटं जाळ्यात रुतून पांढरी पडली होती. अशीच बोटं घट्ट करून तो चेंडूवर झडप घालायचा. अशाच बोटांतून सगळे चेंडू निसटले होते.

त्यानं फार विचार केला नाही. तो कधीच करत नसे. त्यानं जाळ्याची गाठ दातानं तोडली आणि चेंडू आबांच्या पुढ्यात टाकला.

"खेळा," तो म्हणाला.

"अरे, पाण्यात गेला तर?"

"जाईल."

असं म्हणाला खरा, पण लगेच तो मैदानाकडे दोन पावलं गेला. धावत जाऊन चेंडू परत आणावा असं त्याला वाटलं. तोवर गोलंदाज निघालेला होता.

सामना पुन्हा सुरू झाला. चेंडू जमिनीवर आपटे आणि हिरू रिकामं जाळं मुठीत आवळी. फटका बसे आणि तो टाचा उंचावून चेंडू कुठे जातो ते बघे. अखेर जिंकायला एकच जोरदार फटका हवा, अशी वेळ आली. फलंदाजानं बॅट फिरवली. चेंडू उंच उडाला. तो थेट बांधाकडे, पाण्याकडे निघाला.

तेवढा एक चेंडू हिरूला बघवेना. त्यानं नजर आभाळातून खाली आणली आणि बांधावरच्या माणसांकडे बघितलं.

सगळा बांध उठून उभा होता. कुणी उड्या मारत नव्हतं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. सखूबाईनं शेंगांची टोपली खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले होते. तिच्या करंगळ्या जुळलेल्या होत्या. तिच्या पलीकडे उन्हात बसवलेले काका उभे होते. त्यांचीही कोपरं सैल होती. त्यांच्या पलीकडे आणखी हात, त्यापलीकडे आणखी. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरूला सगुणचेच हात दिसत होते.

धाकू तारीनं लुंगीला हातही लावला नाही. चेंडू त्याच्या डोक्यावरून पाण्यात जाणार, एवढ्यात त्यानं हात वर केले आणि अलगद छातीशी आणले. आवाजसुद्धा झाला नाही.

सामना संपला. धाकू चेंडू घेऊन हिरूपाशी आला. "घे बाबा, तुझी ठेव."

हिरूनं चेंडूकडे न बघता धाकूच्या हातांकडे बघितलं. तो म्हणाला, "हे कधी शिकलास?"

"गेल्या शिमग्याला. माझी लुंगी सुटली आणि तू पोट धरून हसत होतास, तेव्हा. तुझा भाऊ तेवढा उठून आला आणि माझे हात धरून बसला." धाकूनं त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुला काय वाटलं, तो तुला एकट्यालाच शिकवायचा?"

हिरू हसला आणि हसता हसता रडला. मग त्यानं चेंडूवर धाकूची बोटं मिटवली. "ज्यानं झेलला, चेंडू त्याचा. रिवाज आहे." त्यानं भेंडीखालचा कोट उचलला आणि स्वतःच्या अंगात घातला. उन्हातून काकांना बोलावून आणलं आणि त्या सावलीत बसवलं. "चुकलो, काका," एवढंच तो म्हणाला.

त्या संध्याकाळी घरी जाताना हिरू वाटेत भेटेल त्याचे हात आपल्या हातांत घेत होता. लोकांना वाटलं, शिमग्याची जरा जास्त झाली असावी.

आईनं रिकामं जाळं बघितलं. "चेंडू रे?"

"दिला," हिरू म्हणाला. आणि त्यानं तिचेही हात हातांत घेतले, मऊ, सैल, जराही न ओढता.

तात्पर्य: गेलेलं माणूस त्याच्या वस्तूत कोंडून ठेवू नये. त्यानं ज्यांना ज्यांना काही शिकवलं, त्यांच्या हातांत ते जिवंत असतं. ते ओळखावं आणि त्या हातांचे उपकार मानावेत.