आठ की सोळा

“आणि मग? दीक्षा घेतल्यावर वाट बघणं थांबतं का?”

जयंत सबनीसांनी हे विचारलं तेव्हा चिदंबरबाबा ताक पीत होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं, मिशीला लागलेलं ताक उपरण्याने पुसलं आणि उत्तर द्यायचं सोडून उलट विचारलं, “तुमचा धंदा काय?”

“कॉम्प्युटरचा. पुण्यातल्या मोठमोठ्या ऑफिसांची यंत्रणा मी बसवून दिली आहे.”

“मग आमच्या ऑफिसचंही बघा. नवा घ्यायचाय. त्यात मेमरी किती हवी, ते आमच्यात कुणालाच सांगता येईना.”

मठाचा रिवाजच होता तो. दीक्षा मागायला येणाऱ्याने आधी आपल्या धंद्यातलं एक काम करून द्यायचं. सुताराने बाक दुरुस्त करावा, आचाऱ्याने पंगतीचा भात लावावा, पुढचं बोलणं त्यानंतर. सबनीसांना हे काम म्हणजे हातचा मळ वाटला.

त्यांना दीक्षा हवी होती ती मुलीसाठी. म्हणजे मुलीला विसरण्यासाठी. ऋजुता भांडून घराबाहेर पडली, त्याला तीन वर्षं होत आली होती. आपल्याकडे घरातून निघताना ‘येतो’, ‘येते’ म्हणतात. ती ‘जाते’ म्हणाली होती. तेव्हापासून दारावरची बेल वाजली की सबनीस भरल्या ताटावरून उठायचे, आणि दारात इस्त्रीवाला उभा असायचा. उठून उठून जीव थकला होता. पोरीची आठवण एकदाची आतून पुसली जावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

मेमरीचा हिशेब अंदाजपंचे करायचा नसतो. गर्दीच्या वेळी शेजारी बसायचं आणि एकाच वेळी काय काय उघडं ठेवावं लागतं ते बघायचं. त्यावर आकडा ठरतो.

म्हणून गुरुवारी सकाळी सबनीस लीलाताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. मठाचं ऑफिस या लीलाताई सांभाळत. अभिषेकाच्या पावत्या, भक्तनिवासातल्या खोल्या, महाप्रसादाला किती पानं, सगळं एकदम उघडं. यंत्र रडतखडत चाललं होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट होती. फाटकावर लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र त्यात दिसत होतं. फाटक, चाफ्याचं झाड, सावलीत पसरलेलं कुत्रं.

“हे कोण बघतं?”

“ते असतं तसंच. दिवसभर.”

“बघत कुणी नाही आणि सगळ्यात जास्त मेमरी हेच खातंय.”

सबनीसांनी चौकट बंद करून टाकली. लीलाताईंचा हात उचलला गेला, पण उशीर झाला होता. मोठ्या शहाण्या माणसाला काय बोलणार, म्हणून त्या पावत्यांकडे वळल्या.

यंत्र पळायला लागलं. सबनीस स्वतःवर खूश झाले.

पंगत उठल्यावर बाबा काठी टेकत ऑफिसात आले आणि पडद्यासमोरच्या बाकावर बसले.

“आठ जीबी पुरे, बाबा,” सबनीस म्हणाले. “सोळा लागली असती. पण एक बिनकामाची गोष्ट उघडी होती, ती बंद केली.”

बाबा पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिले...

“फाटक कुठंय?”

लीलाताईंनी सबनीसांकडे बघितलं.

“बाबा रोज या वेळेला बसतात इथं,” लीलाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. “भास्करसाठी. मठातच वाढलेला तो, बाबांच्या हाताखाली. एका सकाळी ‘येतो’ म्हणून गेला. कॅमेरा नव्हता तेव्हा बाबा फाटकाशीच जाऊन बसायचे. आता गुडघे साथ देत नाहीत.”

सबनीसांना आधी ओशाळल्यासारखं झालं आणि मग रागच आला. एवढा प्रवास करून आपण कुणाच्या दारात आलो?

“म्हणजे तुम्हीसुद्धा?”

“हं.”

“प्रवचनात तर सांगता, सोडून द्या.”

“सांगतो.”

“मग भास्करला का नाही सोडलं?”

“येतो म्हणाला होता...”

“माझी पोर तेवढंही म्हणाली नाही, बाबा.”

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बाबा बाकावर थोडे सरकले आणि शेजारची मोकळी झालेली जागा त्यांनी उपरण्याने झटकली.

सबनीस येऊन बसले. मग त्यांनी हात पुढे करून चौकट पुन्हा उघडली. चित्र जरा अडखळत आलं. फाटक, चाफा. कुत्र्याने कूस बदलली होती.

दोघं बघत बसले...

फाटकातून पिशवी घेतलेली एक बाई आत आली. दोघंही एकदमच पुढे झुकले. ती हारवाली होती. दोघंही पुन्हा मागे टेकले. लीलाताईंनी पावतीपुस्तकातून मान वर काढली नाही.

“यंत्र परत अडखळणार,” थोड्या वेळाने सबनीस म्हणाले. “आठमध्ये हे मावायचं नाही, बाबा. तुम्ही सांगा... बंद करू?”

बाबांची नजर फाटकावरून हलली नाही.

“सोळा घाला.”