गोणपाटावरची लक्ष्मी

रंगराव निकमांच्या नव्या बंगल्यातल्या संगमरवराबद्दल गावाने नुसतं ऐकलं होतं, पाहिला कुणीच नव्हता. रंगाचे डाग पडू नयेत म्हणून त्यावर गोणपाट अंथरलं, ते रंगकाम संपलं तरी उचललंच नाही. त्यांच्या होणाऱ्या सुनेने, यामिनीने मात्र साखरपुड्याला आली असताना हळूच एक कोपरा वर करून पाहिला होता. चांदणं सांडून तिथंच गोठावं, तशी ती लादी! तेव्हापासून ती रोज स्वप्नात त्यावरून अनवाणी चाले आणि तळव्यांना पाण्यावरून चालल्यासारखा गारवा लागे.

लग्न झालं. उंबऱ्यावरचं माप ओलांडून तिने कुंकवाच्या पाण्याच्या परातीत पाय ठेवले. पुढे पाहते तो गोणपाटच!

"मामंजी, हे काढायचं ना?"

"मुळीच नाही!" रंगराव कडाडले. "संगमरवरावरचा कुंकवाचा डाग जन्मात निघत नाही. लक्ष्मीची पावलं उमटू देत गोणपाटावरच. मिस्त्रीचं आहे ते, उद्या घेऊन जाईल."

यामिनी परातीतच थांबली. झोपेत बोलावं तशा संथ आवाजात म्हणाली, "मग मिस्त्रींच्या घरी निरोप धाडा, मामंजी. उद्या तुमची लक्ष्मी त्यांच्याकडे राहायला येतेय म्हणावं. पावलं जातील तिकडेच ती जाणार."

रंगराव फेटा सावरत स्वतःच गुडघ्यांवर बसले आणि भराभरा गोणपाट गुंडाळू लागले. गोठल्या चांदण्यावर लाल पावलं उमटत गेली.

दुसऱ्या सकाळी मोलकरीण ओलं फडकं घेऊन आली, तसे रंगराव देवपूजा सोडून धावले, "खबरदार त्या डागाला हात लावशील तर!"