‘छान’ म्हणणारं गाव

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा राज्य कुणाचं होतं हे आता कुणाला आठवत नाही. पण लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी मनात ठेवावी अशी ती आहे, म्हणून सांगायची.

दोन डोंगरांच्या मध्ये एक गाव होतं. गाव कष्टाळू होतं आणि आपल्या रीतीभातींचा त्याला भारी अभिमान होता. पाहुण्याला उणा शब्द बोलायचा नाही, ही तिथली पहिली रीत. पाहुण्यानं आणलेले लाडू खवट निघाले तरी छान, त्याचं भजन बेसूर झालं तरी छान. एकदा एका पाहुण्या वैद्यानं भलताच काढा पाजला आणि अख्खं गाव पोट धरून बसलं. तरी जाताना त्याला सगळ्यांनी काढा छान होता असंच सांगितलं.

या गावात धुरपा नावाची बाई होऊन गेली. पाण्यासाठी बायकांची होणारी पायपीट तिला बघवेना, म्हणून तिनं डोंगरांमधल्या घळीत बांध घालायचं मनावर घेतलं. लोक हसले, तेव्हा ती एकटीच कुदळ घेऊन गेली. हळूहळू हसणारेही पाट्या उचलून तिच्यामागे गेले आणि बांध उभा राहिला. तळं काठोकाठ भरलं ते बघायला मात्र धुरपा नव्हती. त्याआधीच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली.

गावानं तळ्याकाठी धर्मशाळा बांधली. तिच्या दर्शनी भिंतीवर धुरपाचं चित्र काढून घ्यायचं ठरलं आणि त्यासाठी थेट राजधानीतून चितारी बोलावला.

या चित्राकडे सगळ्यात जास्त डोळे लागले होते ते धुरपाच्या आईचे. म्हातारी थकली होती. धुरपाला मूलबाळ नव्हतं. आपण गेल्यावर लेकीचं तोंड घरात आठवणारं कुणी उरणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पुढच्या पोराबाळांना धुरपा दिसेल ती या भिंतीवरच.

चितारी आला आणि त्यानं आपली कामाची पद्धत सांगितली. आधी तो मोठ्या कापडावर कोळशानं कच्चं चित्र काढणार. ते गावानं नीट बघायचं, काय बदलायचं ते सांगायचं. कोळसा काय, झटकला की जातो. मग गावानं होकाराचा नारळ फोडायचा. त्यानंतर भिंतीला चुना लागणार आणि चुना ओला आहे तोवर रंग भरले जाणार. तो एकदा सुकला की राजानं सांगितलं तरी रेघ हलायची नाही.

“तर आता सांगा, बाई कशी होती?” त्यानं विचारलं.

पाटलांनी हात जोडले. बाई फार थोर होती, एवढंच ते म्हणाले. बाकी आपल्यासारख्या जाणत्याला आम्ही काय सांगावं, असं म्हणून त्यांनी त्याच्यापुढे गुळाचा खडा ठेवला. पाहुण्याला त्याचं काम शिकवणं कुणालाच बरं वाटेना.

चितारी आपल्या खोलीत गेला. थोर बायका त्यानं राजवाड्यात पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यानं त्यातलीच एक काढली. नाजूक जिवणी, कानांत झुबे, केसांत गजरा, कमरेवर घागर आणि खाली झुकलेली नजर. कापड धर्मशाळेच्या ओट्यावर टांगलं, तेव्हा गाव बघतच राहिलं.

मग पाटील म्हणाले, “छान.” गावही म्हणालं, “छान.”

चिताऱ्यानं दोनदा विचारलं, काही बदल? सगळ्यांनी नुसते हात जोडले. कुंभारानं हळूच जमिनीकडे पाहिलं. धुरपाच्या हाताखाली त्यानं माती वाहिली होती. ही बाई कोण, हे त्यालाही कळत नव्हतं.

म्हातारी गर्दीत बसून होती. तिची लेक खांद्यानं रुंद होती, नाकानं बसकी होती, आणि खाली बघणं तर तिला कधी जमलंच नव्हतं. पण पाहुण्याला उणा शब्द बोलू नये, हे तिनंच धुरपाला लहानपणी शिकवलं होतं. ती तशीच उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुना कालवून तयार झाला. सारं गाव जमलं. पाटलांनी नारळ उचलला, तेवढ्यात म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

“थांबा पाटील,” ती म्हणाली. “ही माजी पोर न्हाई.”

पाटील दबक्या आवाजात म्हणाले, “आजी, पाहुण्यासमोर असं बोलू नये.”

“आज न्हाई बोलले, तर ती दुसऱ्यांदा मरंल,” म्हातारी म्हणाली.

चिताऱ्याच्या कपाळावर आठी पडली. त्याच्या चित्राला राजवाड्यातही कुणी नावं ठेवली नव्हती. त्यानं चित्राकडे पाहिलं, मग म्हातारीच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि कापड खाली उतरवलं.

“मी तिला कधी पाहिलेलं नाही, आजी,” तो म्हणाला. “तुम्ही पाहिलंय. मला दाखवा.”

म्हातारीनं सांगितलं. जुळलेल्या भुवया, डाव्या हातात कुदळ, ओझी वाहून वाहून एका बाजूला उतरलेला खांदा, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. कुंभारानं सांगितलं की ती ओरडली की पलीकडच्या डोंगरावरची गुरं थांबायची. बायकांनी सांगितलं की ती हसली की कामाचा शीण जायचा.

इथवर ठीक होतं. पण गावाची जीभ एकदा सुटली ती आवरेना. एकाला आपला बैल चित्रात हवा होता, दुसऱ्याला आपलं दार, आणि न्हाव्याला आपल्या मिशा. खुद्द म्हातारीलाही वाटलं, की लेकीनं शांत चेहऱ्यानं तळ्याला हात जोडलेले असावेत.

तेव्हा चिताऱ्यानं कोळसा खाली ठेवला. “ती कशी होती ते तुम्ही सांगितलंत, ते माझ्याजवळ राहिलं,” तो म्हणाला. “आता ती भिंतीवर कशी उभी करायची ते माझ्यावर सोडा.”

म्हातारीला ते थोडं लागलं. पण त्यानं तिचं ऐकलं होतं, तेव्हा आता त्याचं ऐकणं तिला भाग होतं.

नवं कच्चं चित्र कापडावर उतरलं. गावानं या वेळी ते रेघ न् रेघ तपासलं. कुदळ उजव्या हातात गेली होती, ती कुंभारानं डाव्या हातात आणवली. मग नारळ फुटला, भिंतीला चुना लागला आणि रंग चढले.

भिंतीपुढे लावलेला पडदा बाजूला झाला, तेव्हा गावात कुणी छान म्हणालं नाही. भिंतीवर चिखलानं माखलेली धुरपा उभी होती. एक पाय बांधावर, मान वर, तोंड उघडं, जणू कुणा आळशाला हाक मारत होती. पाटलांनी नकळत पाठ ताठ केली. म्हातारी जवळ गेली, वर बघत राहिली, आणि तिचा ऊर अभिमानानं भरून आला. हात जोडलेली लेक तिनं मागितली होती. ही तर तिची खरी लेक होती.

तेव्हापासून त्या गावात नवी रीत पडली. कारागीर कितीही मोठा असो, कच्चं काम समोर आलं की मनातलं बोलायचं, आणि नारळ फुटला की त्याच्या हाताला अडवायचं नाही. पाहुण्यांचा मान त्यामुळे कमी झाला नाही. उलट चांगले कारागीर त्या गावाला आपण होऊन येऊ लागले.

वाटसरू धर्मशाळेत टेकायचे आणि चित्रातली ती ताठ मान बघून विचारायचे, ही कुठली राणी? म्हातारी जिवंत असेतो उत्तर तिचंच असे.

“राणी कशाला?” ती म्हणायची. “माजी धुरपा हाय ती. तुमी पिताय ते पानी तिचंच.”

बोध: दुसऱ्याकडून मनासारखं काम करून घ्यायचं असेल, तर मनातलं त्याला वेळेवर सांगावं, आणि मग त्याच्या हातावर विश्वास टाकावा.